मागून घुंघुं आवाज: डिफरन्शियल की व्हील बेअरिंग?
गाडीच्या मागून आवाज आला की लोक थेट डिफरन्शियल (मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) उघडायला निघतात, पण आधी व्हील बेअरिंग (ज्यावर चाक फिरतं तो भाग) तपासा ना. डिफरन्शियलचा आवाज अ‍ॅक्सिलरेटरप्रमाणे बदलतो, दाबला की एक सूर, सोडला की दुसरा नाहीतर गायबच. बेअरिंगला त्याच्याशी फारसं देणंघेणं नाही, स्पीडबरोबर घरघर वाढते आणि लांब वळणावर वजन एका बाजूला गेलं की कमीजास्त होते.

डिफरन्शियलचं ऑइल गळतंय? प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून ताकद आणणारा लांब दांडा) डिफरन्शियलला जोडतो तिथे ओलं असेल तर पिनियन सील, चाकाच्या आतून ओघळ असेल तर अ‍ॅक्सल सील, आणि हे जास्त डेंजर कारण ऑइल ब्रेकवर जातं. ब्रीदर (डिफरन्शियलमधली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड) पण बघाच, तो चोक असेल तर आत प्रेशर वाढून नवीन सीलही गळतं.