कात्रज की वेताळ टेकडी?

भाची पुण्यात राहते. तिची मुलगी साडेतीन वर्षांची. पोरीला प्राणी दाखवायला कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात न्यावं की घराजवळच्या वेताळ टेकडीवर, हा तिचा प्रश्न.

खर्चात टेकडी जिंकते, तिथे तिकीटच नाही. कात्रजचं तिकीट परवडतं, पण रिक्षा, खाऊ आणि फुग्याचा हट्टही हिशेबात धरा. शिवाय बुधवारी बंद.

दिसण्याची खात्री मात्र कात्रजलाच. वाघ, अस्वल, हत्ती चित्राबाहेर केवढे असतात हे पोरांना तिथेच कळतं. पण दुपारी वाघ झाडाखाली पाय पसरून झोपलेला असतो आणि पोरं दोन मिनिटांत कंटाळतात. आवार एवढं मोठं, की शेवटी कडेवर घ्यावंच लागतं.

टेकडीवर सकाळी लवकर गेलात तर मोराची केका ऐकू येते. मोर दिसेलच असं नाही. मुंगूस दिसलं तर झुडपातून झुडपात पळणारं शेपूट तेवढं दिसतं. खार आणि सरडा मात्र हमखास भेटतात. सरडा दगडावर बसून मान वरखाली करतो, पोरं लगेच नक्कल करतात. प्राणी काय खातो, कुठे लपतो हे इथे बघता येतं. पिंजऱ्यापाशी ते पाटीवर वाचून सांगावं लागतं. माझं झुकतं माप टेकडीला.

आजी-आजोबा सोबत असतील किंवा पोरीने वाघाचाच धोशा लावला असेल, तर कात्रज, तेही सकाळीच. दर रविवारी तासभर हाताशी असेल तर टेकडी. पायात बूट हवेत, आणि बिळात हात घालायचा नाही हे आधीच बजावायचं.