ट्वायलाइट परत वाचलं आणि यावेळी बेलाचे बाबाच जास्त आवडले

स्टेफनी मेयरचं ट्वायलाइट मी बारावीत असताना पहिल्यांदा वाचलं होतं, फुटपाथवरून घेतलेली जुनी कॉपी, काळं कव्हर आणि त्यावर दोन हातात धरलेलं लाल सफरचंद. दोन रात्रीत संपवलं होतं तेव्हा. आता माझ्या भाचीने वाचायला घेतलं आणि मला विचारलं, मावशी तुला पण एडवर्ड आवडायचा का गं? मग म्हटलं उत्तर द्यायच्या आधी परत एकदा वाचूनच बघूया, म्हणून या वेळी आठवडाभर रोज थोडं थोडं वाचलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००५ चं पुस्तक आहे, चार भागांच्या मालिकेतला पहिला भाग. सतरा वर्षांची बेला अमेरिकेतल्या फीनिक्स शहराच्या कडक उन्हातून फोर्क्स नावाच्या छोट्या गावात बाबांकडे राहायला येते, आईवडील केव्हाच वेगळे झालेत. वर्गात शेजारी बसणारा एडवर्ड व्हॅम्पायर निघतो, १९१८ च्या फ्लूच्या साथीत मरता मरता एका डॉक्टरने त्याला तसं केलेलं, तेव्हापासून तो सतराचाच आहे. तो डॉक्टर पण व्हॅम्पायरच, एडवर्ड त्याच्याच कुटुंबात राहतो आणि हे कुटुंब माणसांचं रक्त पीत नाही, प्राण्यांवर भागवतं. आणि फोर्क्सला राहतात कारण तिथे सतत पाऊस आणि ढग, उन्हात गेले की यांची कातडी हिऱ्यासारखी चमकते आणि सगळ्यांना कळेल. या चमकण्यावर लोक खूप हसले पण मला ती कल्पना मनापासून आवडते, ऊन म्हणजे बाकीच्या व्हॅम्पायर गोष्टींसारखं मरण नाही तर ऊन म्हणजे लपवलेलं उघडं पडणं.

पावसाबद्दल एक सांगायचंय. आपल्याला पाऊस म्हटलं की आनंद, जूनची वाट बघायची सवय, त्यामुळे पहिल्यांदा वाचताना बेलाला पाऊस एवढा का नकोसा होतो ते मला कळायचंच नाही. या वेळी कळलं. नवीन शाळा, सगळे टक लावून बघतायत, घरी गेलं की दोघांचा स्वयंपाक करायचा आणि खिडकीबाहेर तेच ओलं हिरवं. ही पहिली शंभरेक पानं खूपच खरी आहेत, ज्याने कधी मधेच शाळा बदललीये त्याला नक्की पटतील.

आता मुख्य मुद्दा. बेलाचे बाबा चार्ली, गावचे पोलीस प्रमुख, फार न बोलणारे. ती यायच्या आधीच तिच्यासाठी जुना दणकट पिकअप ट्रक घेऊन ठेवतात. एका सकाळी रस्त्यावर बर्फ असतो, ती शाळेत पोचते आणि तिच्या लक्षात येतं की एवढ्या बर्फात आपली गाडी कुठे घसरलीच नाही, मागे जाऊन बघते तर टायरला साखळ्या. बाबांनी पहाटे उठून गुपचूप लावलेल्या, सांगितलं पण नाही. तिचा गळा दाटून येतो. आणि ती तिथे उभी असतानाच एका मुलाची व्हॅन घसरत अंगावर येते आणि एडवर्ड हाताने ती थांबवतो. बारावीत मला फक्त व्हॅन आठवत होती, साखळ्या अजिबात नाही!! एकाच पानाच्या अंतरावर दोन जणांनी तिला जपलंय आणि पुढचं सगळं पुस्तक त्यातल्या एकाचंच होऊन जातं.

एडवर्डबद्दल माझं मत बदललंय हे खरं. तिला न सांगता रोज रात्री खोलीत येऊन ती झोपलेली बघत बसणं, हे पुस्तकात प्रेम म्हणून येतं आणि ती पण रागवत नाही, उलट झोपेत आपण काय बडबडलो याचीच तिला लाज वाटते. मला या वेळी ते वाचताना भीती वाटली. तिसऱ्या भागात तर ती जेकब नावाच्या मित्राला भेटायला जाऊ नये म्हणून तो तिच्या ट्रकच्या इंजिनातला एक भागच काढून ठेवतो. हां, चार्लीने पण पहिल्या भागात एकदा रात्री बॅटरीच्या वायरी काढून ठेवल्या होत्या, ते पण चुकीचंच, पण सकाळी कामावर जायच्या आधी त्याने त्या परत जोडल्या. भाचीला मी हे दोन्ही प्रसंग दाखवले आणि आम्ही रात्री साडेबारापर्यंत त्यावर बोलत बसलो.

शेवटी एक दुसरा व्हॅम्पायर बेलाच्या मागे लागतो, तो पाठलाग, डान्स स्टुडिओतला प्रसंग वगैरे ठीकठाक, जरा घाईत उरकलंय. पण त्याआधी बेला जीव वाचवायला पळते तेव्हा चार्लीने अडवू नये म्हणून तिची आई त्याला सोडून जाताना जे बोलली होती तेच शब्द त्याला ऐकवते. तो दारातच थिजून उभा राहतो. माझ्यासाठी पूर्ण पुस्तकातला सगळ्यात जड प्रसंग हाच.

अजून एक तक्रार, जेकब ज्या क्विलूट जमातीचा दाखवलाय ते खरोखरचे आदिवासी लोक आहेत, फोर्क्सजवळ ला पुशला राहतात, लांडग्यांपासून आपण माणसं झालो ही त्यांची स्वतःची मूळ कथा. ती उचलून त्यावर मनाने काहीतरी रचायचं आणि जगभर विकायचं, हे मला बरोबर वाटत नाही.

इंग्रजी सोपं आहे, नववी दहावीच्या मुलींना आरामात जमेल. पाचशेच्या आसपास पानं आहेत पण भराभर जातात. सिनेमा आधी बघू नका, बेलाच्या मनातलं निम्मं त्यात येतच नाही. चौथा भाग मात्र लग्न, बाळंतपण आणि भरपूर रक्त असा आहे, तो भाचीला मी अजून दोन वर्षं तरी देणार नाहीये.