कंपनी चालली, मशीन राहिलं: घ्यावं की सोडावं?

परवा साताऱ्याहून मेहुण्याचा फोन आला. “दाजी, एक लॅपटॉप बघितलाय. नवाकोरा, सीलबंद. दुकानदार जवळपास अर्ध्या किमतीत देतोय. कंपनी हा धंदाच बंद करतेय म्हणे.”

“बंद करतेय का विकतेय?”

“त्यानं आपल्याला काय फरक पडतोय?”

पडतो. आयबीएमनं लॅपटॉपचा धंदा सोडून वीस वर्षं झाली, तरी तिचा थिंकपॅड हा लॅपटॉप आजही नवा मिळतो आणि जुना हातोहात खपतो. उलट एचपीचा टचपॅड नावाचा टॅब्लेट बाजारात येऊन सात आठवडे होतात न होतात, तोच कंपनीनं हात झटकले. बातमी दोन्हीकडे एकच होती, कंपनी चालली. मग एक मशीन जगलं आणि दुसरं पोरकं झालं ते कशामुळे? मी अशा वेळी एकच गोष्ट विचारतो: हे मशीन चालू राहायला त्याच कंपनीचं काय काय लागतं, आणि जाताना ती ते कोणाच्या हाती देऊन जातेय? तेवढं हाताशी धरून अशा काही कंपन्या शेजारी-शेजारी मांडून बघू.

आयबीएम: चालतं दुकान सोपवलं

‘पीसी’ हा शब्द घरोघरी पोचवला तो आयबीएमनं. १२ ऑगस्ट १९८१ ला त्यांचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर आला. तो लवकर उभा करायचा होता, म्हणून प्रोसेसर इंटेलचा घेतला आणि मशीन चालवणारी प्रणाली, डॉस, मायक्रोसॉफ्टची. पुढे तेच अंगाशी आलं. तेच भाग बाजारातून उचलून कोणीही तसाच कॉम्प्युटर जुळवायला लागलं. खोकी विकणाऱ्यांच्या हाती किरकोळ नफा उरला आणि मलई इंटेल-मायक्रोसॉफ्टच्या ताटात गेली.

डिसेंबर २००४ मध्ये आयबीएमनं हा सगळा विभाग चीनच्या लेनोवोला विकायचं ठरवलं. १ मे २००५ ला व्यवहार पुरा झाला. रोख आणि शेअर मिळून १२५ कोटी डॉलर, शिवाय ५० कोटींची देणी लेनोवोनं आपल्या डोक्यावर घेतली. आयबीएमकडे नव्या कंपनीचा १८.९ टक्के हिस्सा आला, म्हणजे विकूनही पाय पूर्ण काढला नाही.

गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं पैशांपेक्षा बाकीच्या अटी महत्त्वाच्या. सुमारे १०,००० माणसं धंद्याबरोबर लेनोवोकडे गेली. थिंकपॅड घडवणारी जपानमधली यामातोची प्रयोगशाळाही गेली. दुरुस्ती-देखभालीचं काम आयबीएमच्याच सेवा विभागाकडे राहिलं. आयबीएमचं नाव पाच वर्षं वापरायची मुभा होती, पण लेनोवोनं ती पाटी त्याआधीच उतरवली. एवढा आत्मविश्वास आला तो मालाच्या जोरावर.

हे आतून कसं दिसतं ते सांगतो. जुना थिंकपॅड उलटा केला की तळाच्या काही स्क्रूंजवळ कीबोर्डचं बारकं चित्र कोरलेलं दिसतं. म्हणजे कीबोर्ड काढायचाय तर एवढेच स्क्रू सोडवा, बाकीच्यांना हात लावू नका. प्रत्येक सुट्या भागाला स्वतःचा नंबर असतो, आणि मशीन टप्प्याटप्प्यानं कसं उघडायचं त्याचं पुस्तक कंपनी सगळ्यांसाठी खुलं ठेवते. आयबीएमनं लावलेली ही शिस्त लेनोवोनं चालू ठेवली. त्यामुळे दुरुस्तीवाल्याला मालक बदलल्याचं सोयरसुतक नव्हतं. जुने भक्त २०१२ साली सात ओळींचा कीबोर्ड गेला म्हणून अजून हळहळतात, पण ती आवडीची गोष्ट झाली.

एचपी: एकाच दिवशी दोन निर्णय

मेहुण्याला मी खरं तर हीच गोष्ट सांगितली. १८ ऑगस्ट २०११. एचपी तेव्हा जगात सगळ्यात जास्त पीसी विकणारी कंपनी. या एका विभागाची वर्षाची उलाढाल ४,००० कोटी डॉलरच्या वर. त्या दिवशी मुख्याधिकारी लिओ अ‍ॅपोथेकर यांनी जाहीर केलं की पीसीचा विभाग वेगळा काढायचा विचार आहे, आणि वेबओएस या एचपीच्याच प्रणालीवर चालणारे फोन-टॅब्लेट तर आत्तापासूनच बंद. कंपनीला सॉफ्टवेअरकडे वळवायचं होतं. दुसऱ्या दिवशी शेअर २० टक्क्यांच्या आसपास गडगडला.

आता गंमत बघा. त्या आठवड्यात एकानं एचपीचा लॅपटॉप घेतला असेल आणि दुसऱ्यानं एचपीचाच टचपॅड, तर दोघांच्या खोक्यावर नाव एकच होतं. नशीब मात्र वेगळं.

लॅपटॉपवाल्याला काहीच झालं नाही. विंडोज मायक्रोसॉफ्टची, प्रोसेसर इंटेलचा किंवा एएमडीचा, रॅम आणि हार्ड डिस्क कुठल्याही दुकानात मिळणारी. उद्या एचपी गेली असती तरी मशीन चाललं असतं. आणि एचपी गेलीही नाही. सप्टेंबरमध्ये अ‍ॅपोथेकरच गेले, मेग व्हिटमन आल्या, आणि २७ ऑक्टोबरला कंपनीनं सांगितलं की पीसीचा विभाग आम्ही ठेवतोय. हिशेब मांडल्यावर कळलं होतं की नुसतं वेगळं व्हायलाच १५० कोटी डॉलर लागतील, आणि सुट्या भागांच्या घाऊक खरेदीतला दबदबा जाईल तो वेगळाच. मधले दोन-अडीच महिने ज्यांनी घाबरून ऑर्डरी रद्द केल्या, त्यांनी उगाच धसका घेतला.

टचपॅडचं उलटं झालं. तो १ जुलै २०११ ला अमेरिकेत आला, १६ जीबीचा ४९९ डॉलरला. बंदची घोषणा होताच भाव ९९ डॉलरवर आणला. नुसते सुटे भागच ३०० डॉलरच्या वर जातात असा तेव्हाचा अंदाज होता. लोक तुटून पडले, दुकानं रिकामी झाली. हार्डवेअर वाईट नव्हतं: ९.७ इंची पडदा, दोन कोअरचा क्वालकॉम प्रोसेसर, १ जीबी रॅम. पण सुरू करताना अकाउंट लागायचं ते कंपनीच्या सर्व्हरवर, अ‍ॅप मिळायची ती कंपनीच्याच कॅटलॉगमधून, आणि त्या प्रणालीसाठी अ‍ॅप लिहिणारे दुसऱ्याच दिवशी पांगले. जानेवारी २०१५ मध्ये सर्व्हर बंद झाले. त्यानंतर टचपॅड रीसेट करून पुन्हा सुरू करायचा तर आडवाटेनंच जावं लागायचं.

त्यातूनही तो थोडा जगला. हौशी मंडळींनी ऑक्टोबर २०११ मध्येच त्यावर अँड्रॉइड चढवून दाखवलं. ज्याला असे उद्योग करायची खाज आहे त्याच्यासाठी ९९ डॉलर म्हणजे चैन. आईला भजनं ऐकायला द्यायचा तर मात्र डोक्याला ताप. स्वस्त मालाच्या बाबतीत मला हा फरक फार मोठा वाटतो, आणि किमतीच्या चिठ्ठीवर तो कधीच लिहिलेला नसतो.

सोनी आणि तोशिबा: मधली वाट

सोनीनं ६ फेब्रुवारी २०१४ ला आपला कॉम्प्युटरचा धंदा, वायो, विकत असल्याचं सांगितलं. घेणारी जपान इंडस्ट्रियल पार्टनर्स ही गुंतवणूक कंपनी. १ जुलैला वायो कॉर्पोरेशन सुरू झाली ती नागानो प्रांतातल्या अझुमिनोच्या कारखान्यात, २४० माणसांवर आणि सुरुवातीला फक्त जपानच्या बाजारासाठी. म्हणजे कारागीर राहिले, पण दुकान एकदम आकसलं. भारतातल्या वायोवाल्याला नवं मशीन मिळायचं बंद झालं. जुन्याची जबाबदारी सोनीकडेच राहिली, आणि तिची परीक्षा लगेच झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वायो फिट ११ए च्या बॅटऱ्या तापून जळण्याचा धोका निघाला. जगभरात विकलेल्या सुमारे २६,००० मशीनच्या मालकांना सोनीनं वापर थांबवायला सांगितलं आणि निस्तरण्याची जबाबदारी घेतली. धंदा विकायला काढलेला असताना हे केलं, याचं श्रेय द्यायला हवं.

वायोची खरी अडचण त्याच्या देखणेपणात होती. काही मॉडेलवर ‘स्टॅमिना’ आणि ‘स्पीड’ असं लिहिलेलं बटण असायचं. एकीकडे सरकवलं की साधं ग्राफिक्स, दुसरीकडे दणकट. हे चालायचं सोनीनं स्वतः जुळवलेल्या ड्रायव्हरवर, म्हणजे तो भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. विंडोज नव्यानं टाकली आणि ते ड्रायव्हर हाताशी नसले की बटण नुसतं शोभेचं. ज्याचं सगळंच खास, त्याला मालक गेल्याचा फटका जास्त.

वायो २०२१ च्या जानेवारीत भारतात परत आला, पण पाटी परवान्यावर घेतलेली आणि मागे वेगळी कंपनी. म्हणून ‘वायो’ एवढं बघून जुन्या आठवणींत रमू नका. वॉरंटी कार्डावर कोणाचं नाव आहे ते वाचा.

तोशिबाबद्दल थोडक्यात. १९८५ चा टी११०० बाजारात रुळलेल्या पहिल्या लॅपटॉपांपैकी एक. २०१५ मध्ये हिशेबातला घोळ उघडकीला आला, २०१६ मध्ये जपानबाहेरचा घरगुती बाजार सोडला, २०१८ मध्ये ८०.१ टक्के हिस्सा शार्पला दिला तो फक्त ४०० कोटी येनला, आणि २०२० मध्ये उरलेला १९.९ टक्केही दिला. नाव आता डायनाबुक. इतकं हळूहळू गेलेलं गिऱ्हाइकाला सोयीचं पडतं, आवरायला वेळ मिळतो.

आपल्याकडेही विप्रोनं २०१३ मध्ये स्वतःच्या नावाचे कॉम्प्युटर बनवणं थांबवलं. पण सगळ्यात जुना दाखला १९७८ चा. मुंबईच्या कामगार चळवळीतून आलेले जॉर्ज फर्नांडिस तेव्हा उद्योगमंत्री होते आणि परकी भांडवलाच्या नियमांवरून आयबीएमनं भारतच सोडला. देशभरातल्या तिच्या मशीनची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीनं उचलली आणि ती चालती ठेवली. मशीनला मालकाहून मिस्त्रीची गरज जास्त, हे आपल्या लोकांना तेव्हापासून माहीत आहे.

मग घ्यायचं काय?

मी स्वतः एकदा फसलोय. बाजार सोडून निघालेल्या एका कंपनीचा पातळसा, देखणा लॅपटॉप सेलमध्ये उचलला. अडीच वर्षांनी कीबोर्डखालची माउसची पट्टी दाबल्यावर खाली जाईना. वाटलं धूळ गेली असेल. मग टेबलावर ठेवला की मशीन डुलायला लागलं. बॅटरी फुगून खालचं झाकण उचललं गेलं होतं. पुण्याच्या तपकीर गल्लीतली तीन दुकानं फिरलो. पहिल्या दोघांनी मॉडेल बघूनच मान हलवली. तिसऱ्यानं ‘कंपॅटिबल’ म्हणून दिली तिचा कनेक्टर एक पिन जास्तीचा निघाला. चार्जरची पिनही त्याच कंपनीची खास. पुढे वर्षभर बॅटरी काढून तो डेस्कटॉपसारखा भिंतीला बांधून वापरला. वाचलेले पैसे त्या वर्षात फिटले.

तेव्हापासून अशा सेलमधलं मशीन मी तीन ठिकाणी चाचपतो. चार्जर साध्या यूएसबी-सीवर चालतो का. त्याच मॉडेलची बॅटरी आज, आत्ता, निदान दोन ठिकाणी मिळते का. आणि पक्क्या बिलावर वॉरंटी देणारी कंपनी पुढच्या वर्षी त्या पत्त्यावर असणार आहे का. तिन्ही हो असेल तर अर्धी किंमत ही खरोखरची अर्धी किंमत. बॅटरीलाच नाही असेल तर मी सरळ सोडतो. क्रोमबुक (गूगलच्या प्रणालीवर चालणारा लॅपटॉप) किंवा टॅब्लेट असेल तर अपडेट कधीपर्यंत येणार ती तारीख आधी बघायची, कारण तिथे एचपीच्या टचपॅडचीच गत होते.

तेवढ्याच पैशांत दुसरा पर्याय म्हणजे वापरलेला, बिझनेस वर्गातला लॅपटॉप. इथे मी थिंकपॅड टी४८० कडे झुकतो आणि टी४७० टाळतो. दिसायला भाऊ-भाऊ, पण टी४७० मध्ये इंटेलची सहावी-सातवी पिढी, आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढे चालते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शिवाय टी४८० ला दोन बॅटऱ्या, त्यातली एक बाहेरून खटका सरकवून निघणारी. चालू मशीनवर बदलता येते. दिसायला देखणा नाही, वजनही आहे. कॉलेजात मिरवायचा असेल तर मेहुण्याच्या मुलीला आवडणार नाही.

नुसती रॅम किंवा एसएसडी घ्यायची असेल तर काळजीच नको. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं ३ डिसेंबर २०२५ ला क्रुशल हा रॅम-एसएसडीचा घरगुती ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. एआयच्या डेटा सेंटरांना माल पुरवण्यात कमाई जास्त. वॉरंटी पाळणार असं त्यांनी सांगितलंय, आणि रॅमच्या पट्टीला तसंही बनवणाऱ्याकडून पुढे काही लागत नाही. खाचेत बसली की झालं. फक्त इथे स्वस्ताईची आशा ठेवू नका, रॅमचे भाव चढलेत.

काल मेहुणा पुन्हा त्या दुकानात गेला आणि तिथूनच फोन लावला. लॅपटॉप उलटा धरून तळाचा मॉडेल नंबर एकेक आकडा वाचून दाखवत होता. मागून दुकानदाराचा आवाज येत होता, “अहो, बॅटरीचं काय घेऊन बसलात? ओरिजिनल आहे, कंपनीची आहे.”

“कुठल्या कंपनीची, ते विचार,” मी म्हटलं.