छाती-पाठीचे केस: ट्रिमर की वॅक्स?

पुरुषाने अंगावरचे केस काढले की पूर्वी भुवया उंचावायच्या. आता विचारणा होते ती पद्धतीची. ट्रिमरला ३ मिमीचा कंगवा लावून कोरड्या केसांवर फिरवा. त्वचा कापत नाही, केस आत वळण्याची भीती कमी. मात्र आठवड्याभरात वाढ पुन्हा दिसू लागते.

वॅक्सनंतर ३-४ आठवडे निवांत, पण केस निदान ५ मिमी हवेत. त्याहून आखूड असले तर पकड बसत नाही, ते मध्येच तुटतात, त्वचेखाली वाढतात आणि पुळ्या येतात. पट्टी वाढीच्या उलट दिशेने, त्वचेला समांतर ओढायची. सरळ वर उचलली तर कातडी दुखावते. मुरुमांसाठी रेटिनॉइड (अ-जीवनसत्त्वाच्या गटातले औषध) चालू असेल तर वॅक्स नकोच, साल निघते. कुरळ्या, राठ केसांना आमच्या मते ट्रिमरच बरा.