धोरणावर पीएच.डी.: समाजशास्त्र विभाग की व्यवस्थापन संस्था?

एम.ए. समाजशास्त्र झालंय, सरकारी धोरणांवर काम करायचंय आणि पुढे शिकवायचंही आहे. सोलापुरात अशी मुलं दरवर्षी भेटतात. प्रश्न एकच: पीएच.डी. विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात करू की एखाद्या व्यवस्थापन संस्थेच्या ‘पब्लिक पॉलिसी’ गटात? मी विभागात राहिलो, तेव्हा माझा कल धरूनच वाचा.

पैशात तुलनाच नाही. मोठ्या व्यवस्थापन संस्थेत विद्यावृत्ती चांगली आणि राहायची सोय असते. इकडे जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन विद्यावृत्ती, नसेल तर तासिका तत्त्वावर शिकवत संशोधन करायचं, आणि त्या मानधनाच्या भरवशावर घरभाडं ठरवायचं नाही. आयआयएम कलकत्त्यात तर पब्लिक पॉलिसीचा स्वतंत्र गटच आहे. महापालिकेचं अंदाजपत्रक वाचायला मला विभागात कुणी शिकवलं नाही. ते बाहेरून शिकावं लागलं.

तरीही माझं अडलं ते प्रश्नावलीपाशी. सोलापूरजवळच्या कुंभारीला 2006 मध्ये विडी कामगार महिलांची 10,000 घरं उभी राहिली, 2024 च्या जानेवारीत तिथल्याच रायनगरच्या 15,000 घरांचं लोकार्पण झालं. घरकुलांचा अभ्यास करायला याहून चांगलं गाव कुठलं? एका व्यवस्थापन संस्थेच्या अशाच प्रकल्पात मी शहराबाहेरच्या एका वसाहतीत फिरत होतो. टॅबवर प्रश्न: घराबाबत समाधान, 1 ते 5. एक मावशी विड्या वळता वळता म्हणाल्या, “घर चांगलं हाय की, पण ब्रँच लांब पडली. पान-तंबाखू आणायला आन् विड्या द्यायला रिक्षाचे पैसे जातात.” याला रकाना नव्हता. व्यवसायाच्या पर्यायांत घरी बसून विडी वळणारी बाई ‘गृहिणी’त जात होती. एक प्रश्न वाढवू का, विचारलं. उत्तर आलं, फॉर्म लॉक झालाय, शिफारशींचं सादरीकरण पुढच्या आठवड्यात आहे. म्हणजे शिफारशी आधीच ठरल्या होत्या म्हणा ना! मावशींनी समाधानाला 4 दिले. तेवढंच वर गेलं.

विभागातही त्रास आहेच. गाईड वेळ देत नाहीत, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) रखडतो, शीर्षकातला शब्द बदलायचा तरी अर्ज लागतो. पण वस्तीत गेल्यावर काय विचारायचं, हे मात्र माझं मी ठरवतो. सगळ्याच व्यवस्थापन संस्था अशा असतील असं नाही, आणि प्रकल्पातली नोकरी म्हणजे पीएच.डी. नव्हे, हेही मान्य. दोन्हींच्या मधलं काही हवं असेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा तुळजापूरचा परिसर इथून बसने तासाभरावर आहे. एकदा जाऊन या.

नोकरीचं थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) 2023 मध्ये सहायक प्राध्यापकपदासाठीची पीएच.डी.ची सक्ती काढली. नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पुरते. जाहिरातीत मात्र ‘संबंधित विषय’ असतो, आणि समाजशास्त्राच्या जागेला व्यवस्थापनातली पदवी लावली की छाननीत प्रश्न निघू शकतो. घरी लगेच पैसे द्यायचे असतील तर व्यवस्थापनाकडे जा, मी अडवणार नाही. पण तिकडे गेलात तरी समाजशास्त्राच्या सेटचा फॉर्म भरून ठेवा.