औंध की केळकर संग्रहालय?

एकच दिवस मोकळा असेल तर कुठे जायचं? औंधच्या श्री भवानी संग्रहालयात, की पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात? (औंध म्हणजे साताऱ्याचं, पुण्याचं नव्हे. रिक्षावाल्याला सांगून बघू नका.)

औंध ही राजाची हौस. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे. यमाईच्या डोंगरावर 1938 साली त्यांनी हे संग्रहालय उभारलं. इथे राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत, आणि एवढ्याशा गावात चक्क इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं 'माता आणि मूल' हे शिल्पही! कॅलेंडरवरची छापील चित्रं पाहून डोळे सरावलेले असतात. मूळ चित्रापुढे उभं राहिलं की साडीच्या काठावरचा जरीचा उजेड रंगाचाच आहे, हे पटायला वेळ लागतो.

केळकर संग्रहालयामागे बापाचं दुःख आहे. दिनकर ऊर्फ काका केळकरांनी बालवयात गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने गावोगाव हिंडून वस्तू जमवल्या आणि पुढे सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. कोथरूडहून आणून उभा केलेला मस्तानी महाल बघायला गर्दी होते. मी मात्र अडकित्त्यांपाशी रेंगाळतो. सुपारी कातरायच्या साध्या हत्याराला कुणी पोपटाचा आकार दिलाय, कुणी घोड्याचा. कारागिराचं नाव कुठेच नाही.

मुलं बरोबर असतील तर केळकर. दिवे, कुलपं, पाय घासायच्या वज्र्या बघून ती प्रश्न विचारतात. चित्रांसमोर निवांत उभं राहायचं असेल तर सकाळीच औंधची वाट धरा.