मागचं चाक हाताने फिरवून बघा: मालगुंड-रत्नागिरी, सतरा महिने, बावीस हजार किलोमीटर

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात साखरतरच्या पुलाच्या अलीकडेच मीटरवरचा पेट्रोलचा शेवटचा दांडा लुकलुकायला लागला. टाकी फुल्ल केल्यापासून फक्त ३१० किलोमीटर झाले होते. गाडी नवी असताना याच टाकीवर मी ४१० च्या पुढे जायचो, तेव्हा कुठे तो लुकलुकायचा. पंपावर ८.६ लिटर बसलं. भागाकार केला, ३६ आला. दीडशे सीसीच्या गाडीला ३६! त्या रात्री मला जेवण गेलं नाही, हे अगदी खरं सांगतो.

ज्यांच्याकडे या वर्गातली फुल फेअरिंगवाली मोटारसायकल (इंजिनाभोवती पूर्ण आवरण असलेली) आहे त्यांना इंजिन, गिअर, पॉवर मी काय सांगणार? ते सगळं मस्तच आहे. सतरा महिने झाले, तरी सकाळी सहाव्या गिअरमध्ये गुळगुळीत पळणारं हे इंजिन मला आवडतं. मी लिहितोय ते ॲव्हरेजबद्दल, आणि जवळजवळ तेवढंच सेंटर स्टँडबद्दल, जो या गाडीला नाहीच. या दोन गोष्टींचा काय संबंध, हे मलाही चौदा महिने कळलं नव्हतं.

माझा रस्ता रोजचा ठरलेला. मालगुंड, गणपतीपुळे, नेवरे, आरे-वारे, साखरतर, शिरगाव आणि पुढे मिरजोळे एमआयडीसी. जाऊन-येऊन साधारण ५५ किलोमीटर, महिन्याला तेराशेच्या वर. ४८ च्या ॲव्हरेजने महिन्याला साडेसत्तावीस लिटर लागतं, ३६ ने जवळपास ३७. नऊ लिटरचा फरक. पेट्रोल शंभराच्या वर गेलेलं असताना महिन्याला नऊशेहून जास्त रुपये नुसते हवेत जात होते. तेवढ्यात आमच्या घरचा गॅस सिलिंडर यायचा.

गाडी घेतली गणपतीच्या आधी. पहिले दहा महिने ४७-४८ च्या खाली कधी आली नाही. पुढच्या पावसाळ्यात, जुलैत, ४३ झाली. पावसात थोडं कमी होतंच म्हणून सोडून दिलं. ऑगस्टमध्ये ४०. त्याच सुमारास, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून सगळीकडे आरडाओरडा चालू होता आणि मीही त्यात होतो. एमआयडीसीच्या टपरीवर चहा पिताना मी दहा जणांना सांगितलं असेल की इथेनॉलने गाडीचं वाटोळं केलं.

हे मत मी आता बदललंय. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे २० टक्के मिसळलं की ॲव्हरेज थोडं उतरणारच. पण किती? नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट धरलेली आहे. अगदी दुप्पट धरली तरी ४८ चे ४४ होतील. माझी गाडी तर ई२० साठीच बनलेली, तसा शिक्का टाकीच्या झाकणापाशी आहे. आणि नवी असताना ती हेच पेट्रोल पिऊन ४८ देत होती. हा हिशोब मी जुलैतच मांडायला हवा होता.

मग हवा. तीन पंपांवर एकाच दिवशी टायरची हवा तपासली तर तीन वेगळे आकडे आले, आणि मागच्या टायरमध्ये तर सहा पॉइंटांचा फरक. शेवटी साडेचारशे रुपयांचा स्वतःचा गेज घेतला. सकाळी गाडी बाहेर काढायच्या आधी, टायर थंड असताना बघायचं आणि मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढंच भरायचं. वीस किलोमीटर पळून आल्यावर तपासलं तर आकडा फुगलेला दिसतो आणि माणूस हवा काढून टाकतो, मी तेच करत होतो. यातून दीड-दोन किलोमीटर परत मिळाले. साडेचारशे रुपये दोन-तीन महिन्यांत वसूल.

एअर फिल्टर बदलला. आमच्याकडची तांबडी धूळ आणि हातखंब्याकडे गेलं की हायवेच्या कामाची धूळ यांनी तो विटेसारखा झाला होता. पिकअप सुधारला, ॲव्हरेज जागच्या जागी. इंजेक्शनच्या गाडीत (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टर पेट्रोल फवारतो ती) हवा कमी आली की गाडीतला संगणक पेट्रोलही कमी सोडतो, त्यामुळे चोंदलेला फिल्टर आधी दम खातो, ॲव्हरेज नाही.

चेनचं पुढचं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, एक दात मोठं बसवायचा प्रयोगही करून झाला. सपाटीवर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) उतरतात हे खरं. पण आरे-वारेचा चढ आला की चौथ्यात गाडी ओढेना, तिसऱ्यात टाकावी लागे आणि सपाटीवर कमावलेलं चढावर जाई. ज्यांचा रस्ता सोलापूर-लातूरसारखा सपाट आहे त्यांनी बघावं. कोकणात नको. सहाशे किलोमीटरने जुनं स्प्रॉकेट परत बसवलं.

या सगळ्या काळात सर्व्हिस सेंटरला दोन चकरा झाल्या. पहिल्यांदा सांगितलं, "सर, तुमचा रस्ता घाटाचा आहे, एवढंच मिळणार." मी म्हटलं, रस्ता पहिल्या दिवसापासून हाच आहे, चढ काय पावसाळ्यात वाढले? दुसऱ्यांदा इंजेक्टर क्लिनिंग आणि नवा प्लग लावून अठराशे रुपये घेतले. जॉबकार्डवर "ब्रेक क्लिनिंग" समोर बरोबरची खूण होती. ती खूण मी पुढे पुन्हा पाहणार होतो.

टाकी फुल्ल टू फुल्ल मोजायचं तर गाडी दर वेळी सारखी उभी हवी. साइड स्टँडवर टाकी कलते आणि अर्धा-पाऊण लिटर इकडचं तिकडे होतं. म्हणजे पंपावर कोणाला तरी गाडी सरळ धरायला सांगायचं. सेंटर स्टँड असता तर हा प्रश्नच नव्हता. चेनला तेल घालायचं, तर एका हाताने गाडी हातभर पुढे ढकलायची, दुसऱ्या हाताने तेल, परत ढकलायची. सेंटर स्टँड असता तर चाक फिरवत दोन मिनिटांत काम. पण या गैरसोयी झाल्या. खरा घात पुढे आहे.

नोव्हेंबरमध्ये जयगडच्या फेरीबोटीने पलीकडे तवसाळला उतरून गुहागरला मामाकडे गेलो होतो. माझं आजोळ तिकडचं, त्यामुळे वर्षातून आठ-दहा वेळा ही बोट होतेच. चिपळूणवरून वळसा घालण्यापेक्षा पेट्रोल आणि वेळ दोन्ही वाचतं. परत येताना जयगडच्या अलीकडे मागचं टायर पंक्चर. गाडी ढकलत एका छोट्या गॅरेजपर्यंत नेली. मेस्त्री वयस्कर, साठीच्या पुढचे. मी घामाघूम झालेला बघून त्यांनी पंक्चरकडे न बघता पहिलं विचारलं, "एवढी जड कशी काय ढकलते? चाक फिरवून बघितलात काय कधी?"

नव्हतं बघितलं. बघणार कसं? मागचं चाक जमिनीवरून उचलायला या गाडीला काही सोयच नाही.

त्यांनी लाकडी ठोकळ्यावर स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) टेकवून चाक वर घेतलं, पंक्चर काढलं, चाक बसवलं आणि माझ्यासमोर हाताने जोरात फिरवलं. अर्धा फेरा. थांबलं. मग चेन उतरवून फिरवलं, तरी पाऊण फेऱ्यात थांबलं. डिस्क सतत घासत होती. म्हणजे गेले चार महिने मी मागचा ब्रेक किंचित दाबलेल्या अवस्थेत रोज ५५ किलोमीटर चालत होतो. इंजिन एकीकडे ओढतंय, ब्रेक दुसरीकडे धरतोय आणि मधलं सगळं पेट्रोल डिस्क तापवण्यात जातंय.

कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमट्यासारखा धरणारा ब्रेकचा भाग, सोडवला तेव्हा कारण दिसलं. हा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. ब्रेक दाबला की एका बाजूचा पिस्टन पॅडला ढकलतो आणि कॅलिपर पिनांवर सरकून दुसऱ्या बाजूचा पॅड आणतो. ब्रेक सोडला की त्याने मोकळं व्हायचं. माझी एक पिन सरकतच नव्हती. रबराची टोपी कडेला फाटलेली, आत ग्रीस नाही, फक्त तांबूस खरपुडी. खारा वारा, आरे-वारेला पावसात अंगावर येणारे लाटांचे तुषार, फेरीबोटीच्या फळीवरून उतरताना चाकाला लागणारं पाणी, वर तांबडी माती. चार महिने पावसाळ्यात हे मिश्रण आत जाऊन पिन जाम झाली होती. आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजलेला, बाहेरचा अर्धा शिल्लक. पॅड असे वेगवेगळे झिजलेले दिसले की पिनांवर संशय घ्यायचा, हे मेस्त्रींनी तिथे दाखवलं.

पिना बारीक पॉलिश पेपरने घासल्या, पिस्टनची कड साफ केली, दोन्ही टोप्या आणि पॅड नवे. ग्रीस मात्र ब्रेकचंच हवं, सिलिकॉनवालं. साधं ग्रीस भरलं तर रबर फुगतं आणि पिन परत अडकते. त्यांच्याकडे ते नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी रत्नागिरीतून ट्यूब नेऊन दिली. सगळं मिळून साडेआठशे रुपये, त्यात पॅड. चाक फिरवलं, तीन फेरे सरळ गेलं.

पुढची टाकी: ४६. त्यापुढची: ४८.

मी जॉबकार्ड घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो. "ब्रेक क्लिनिंग" वरची खूण दाखवली आणि काढलेली गंजकी टोपी काउंटरवर ठेवली. उत्तर मिळालं की क्लिनिंग म्हणजे वरून हवा आणि स्प्रे मारतात, पिना काढणं वेगळं काम आहे, ते सांगितलं तरच करतात. मी विचारलं, गिऱ्हाइकाला कसं कळणार काय सांगायचं? गाडी तुमच्या लिफ्टवर होती, चाक हवेत होतं, एकदा हात मारून फिरवलं असतं तरी कळलं असतं. बराच वाद झाला. अठराशे परत मिळाले नाहीत. पण पुढच्या सर्व्हिसला माझ्या जॉबकार्डवर "मागच्या व पुढच्या कॅलिपरच्या पिना काढून ग्रीस" असं मराठीत लिहून घेतलं आणि काम होईपर्यंत शेजारी उभा राहिलो. पुढची पिनसुद्धा कोरडीच निघाली.

सेंटर स्टँडबद्दल मी हे लिहायला घेतलं तेव्हा माझं म्हणणं होतं की कंपन्यांनी तो दिलाच पाहिजे. मेस्त्रींनी समजावलं की खाली सायलेन्सर आणि फेअरिंगचा पोटाकडचा भाग आहे, वळणावर गाडी झुकली की स्टँड रस्त्याला टेकेल, आणि वजन वाढेल ते वेगळंच. हे मला पटलं. पण मग गाडीसोबत पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड) तरी द्या, किंवा मॅन्युअलमध्ये ठळक लिहा की महिन्यातून एकदा मागचं चाक उचलून फिरवून बघावं. समुद्रकाठच्या माणसाला तर हे शोरूममध्येच सांगायला हवं. शेवटी मी सतराशे रुपयांचा पॅडॉक स्टँड घेतला. या सतरा महिन्यांत गाडीवर केलेला हा सगळ्यात चांगला खर्च. रविवारी सकाळी चाक वर घेतो, फिरवतो, चेन रॉकेलने पुसतो, नव्वद नंबरचं गिअर ऑइल ब्रशने लावतो आणि जास्तीचं फडक्याने टिपून घेतो. जळकं ऑइल लावू नका, आमच्या वाळूत त्याची कानस होते.

स्टँड नसेल तर एक सोपी तपासणी आहे. पाच-सहा किलोमीटर मागचा ब्रेक अजिबात न दाबता चालवा, थांबा आणि डिस्कवर चमचाभर पाणी टाका. चर्र आवाज आला तर ब्रेक धरतोय. हात लावू नका, भाजतं.

ब्रेक सुटल्यावर चालवण्यातले बदल पहिल्यांदा आकड्यांत दिसायला लागले. आमचे बाबा स्कूटर नेवऱ्याच्या उतारावर बंद करून सोडायचे, मीही तसंच क्लच दाबून गाडी सोडायचो. इंजेक्शनच्या गाडीत ते उलटं पडतं. गिअर टाकून थ्रॉटल पूर्ण बंद ठेवला की इंजेक्टर पेट्रोल सोडणंच थांबवतो, आरपीएम फार खाली येईपर्यंत. क्लच दाबला की इंजिनाला जिवंत ठेवायला पेट्रोल लागतं. शिवाय गिअरमध्ये असताना गाडी इंजिनाने धरलेली असते, त्यामुळे ब्रेकही कमी लागतो. उताराला चौथा गिअर, थ्रॉटल बंद, एवढं केल्याने मला लिटरमागे किलोमीटरभराची वाढ दिसली.

वेगाचं तर विचारूच नका. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. साठच्या आसपास चालवलेल्या टाकीला ५१ आले, ऐंशीने रेटलेल्या टाकीला ४४. संध्याकाळी आरे-वारेला समुद्रावरचा वारा सुटलेला असताना ऐंशीने जाऊन मी पाच मिनिटं वाचवतो, आणि त्या पाच मिनिटांसाठी महिन्याला चार लिटर मोजणं मला परवडत नाही.

गेल्या रविवारी पिना पुन्हा काढल्या. दोनच महिने झालेत, तेही कोरड्या हवेतले, तरी डाव्या पिनेच्या टोकाला तांबूस डाग होता. पुसून नवं ग्रीस लावलं. मेमध्ये पावसाआधी एकदा काढीन, मग गणपतीपर्यंत दर महिन्याला. परवाची टाकी ४१२ किलोमीटरला ८.४ लिटर, म्हणजे ४९.